किती वाजले होते, मालक?

"मॅडम, पिस्तूलचं लायसन काढायचंय. किती लागतील तेवढं सांगा."

खुर्चीत टेकायच्या आधीच मालक बोलले. मालक म्हणजे आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले टॉवेल-चादरीचे कारखानदार. पुढे बारा माग, मागे घर, बाजूला मालाचं गोदाम. पूर्व भागात कारखानदाराला सगळेच मालक म्हणतात, मीही म्हणते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत. 'लिहा की, चार जण शहाणे होतील,' असं त्यांनीच सांगितलं.)

झालं होतं असं. दहा दिवसांपूर्वी पहाटे गोदामाच्या शटरचा खडखडाट झाला. मालक उठले, बाहेरचा दिवा लावला, कानडी-तेलुगू-मराठीत मिळून जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. तिघं होते, पळाले. गेलं काहीच नाही, एक कुलूप वाकलं. पण त्या दिवसापासून मालकांना झोप नाही. घरात म्हातारी आई, सून, दोन नातवंडं. चोरांनी पुन्हा यायच्या आत हातात काहीतरी हवं.

मी लायसनची माहिती सांगितली, ती पुढे येईलच. मालक उठले, चपला घालता घालता म्हणाले, "अजून एक लफडं झालंय. शनिवारी रात्री फोनमधून एक लाख चौऱ्याऐंशी हजार गेले. ते बघतो मी बँकेत."

मी त्यांना परत बसवलं. सोमवारची सकाळ होती, अकरा वाजलेले.

चोर आले आणि कुलूप वाकवून गेले, त्यासाठी माणूस वकिलाकडे आला. पावणेदोन लाखांच्या वर गेले, ते 'अजून एक लफडं'. यात मालकांना हसण्यासारखं काही नाही. शटरचा आवाज पोटात जातो, फोनचा मेसेज जात नाही, आपण सगळे तसेच घडलोय. मी मात्र दोन्ही प्रकरणांत एकच प्रश्न विचारला: किती वाजले होते? पैसे परत मिळायची शक्यता तासातासाने घटत जाते, आणि चोरावर हात उचलायचा हक्कही ठरावीक क्षणी सुरू होऊन ठरावीक क्षणी संपतो. तो क्षण कोणता, यावरच पुढचा खटला उभा राहतो.

आधी फोन

शनिवारी रात्री दहा चाळीसला मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेहुण्याच्या नंबरावरून मेसेज आला. वर आरटीओचं चिन्ह, 'आपल्या वाहनाचे चलन', खाली एक फाइल. टेम्पोची दोन चलनं आधीच थकलेली, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. फाइलच्या नावाचं शेपूट होतं 'एपीके'.

पीडीएफ हा कागद असतो, जेपीजी हा फोटो. एपीके हा आख्खा प्रोग्राम असतो, म्हणजे प्ले स्टोअरवरून आपण जे उतरवून घेतो तेच, फक्त मागच्या दाराने आलेलं. सरकारचं कुठलंही खातं चलन, लग्नपत्रिका किंवा केवायसी एपीकेमधून पाठवत नाही. मालकांनी फाइल दाबली तेव्हा फोनने आधी सावध केलं की हे अनोळखी ठिकाणचं आहे. मग विचारलं, मेसेज वाचू देऊ का? कॉन्टॅक्ट बघू देऊ? 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालू करू? मालकांनी चारही वेळा 'अलाऊ' दाबलं. मेसेज वाचायची परवानगी म्हणजे प्रत्येक ओटीपी तुमच्या आधी चोराला. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी केलेली आहे. ती दिलेला प्रोग्राम स्क्रीनवरचं वाचू शकतो आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतो. म्हणजे आंधळ्याची काठी चोराच्या हातात.

आणि मेहुण्याने काही पाठवलंच नव्हतं. दुपारी त्यांच्याच फोनात हे शिरलं आणि त्यांच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना आपोआप गेलं. 'ओळखीच्या नंबरावरून आलं' याला आता पुरावा म्हणून किंमत उरलेली नाही. फोन लावून विचारायचं, "भाऊजी, हे तुम्हीच पाठवलं का?" दहा सेकंदांचं काम आहे.

अकरा दहा ते अकरा पंचवीस या वेळात चार हप्त्यांत पैसे गेले. मालकांनी मेसेज बघितले, घाम फुटला, पुतण्याला उठवलं. पुतण्या म्हणाला, उद्या रविवार आहे, सोमवारी बँक उघडली की जाऊ.

इथे घोडं पेंड खातं. बँकेला रविवार असतो, १९३० ला नसतो. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर दिवसरात्र चालतो. सोलापूरकराला तर तो पाठ असायला काहीच हरकत नाही. मे १९३० मध्येच आपल्या गावात मार्शल लॉ लागला होता आणि त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. नंबराचा आणि त्या सालाचा तसा काही संबंध नाही, पण चार हुतात्मा पुतळ्यांवरून जाताना आठवण राहते.

१९३० वर कळवलं की होतं काय? तुमची तक्रार पोर्टलवरून थेट बँकांकडे जाते. ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते शिल्लक असतील तर ती बँक ते अडवून ठेवते. पुढच्या खात्यात गेले असतील तर पुढच्या बँकेकडे निरोप जातो. चोर काय करतो, तर मागावरचा धोटा इकडून तिकडे मारावा तसे पैसे खात्याखात्यातून पळवतो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून काढतो. एकदा नोटा बाहेर आल्या की अडवायला काही उरत नाही. ही शर्यत तुमच्या फोनपासून सुरू होते आणि मालकांनी ती छत्तीस तास उशिरा सुरू केली.

अशी वेळ आली तर आधी त्या फोनचं नेट बंद करा, एअरप्लेन मोड सगळ्यात सोपा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून १९३० लावा. हाताशी खाते नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर ठेवा, यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो. मग बँकेच्या हेल्पलाइनवर खातं बंद करायला सांगा. तो नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, गुगलवर शोधून नको, तिथे चोरांनीही आपले नंबर पेरून ठेवलेत. घाबरून फोन फॉरमॅट करू नका. ती फाइल, तो मेसेज हा पुरावा आहे, स्क्रीनशॉट तरी काढून ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

आता बँकेचं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात ग्राहकाची जबाबदारी दिवसांवर ठरवली आहे. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसऱ्यानेच मधे हात मारला, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमच्या माथी, साध्या बचत खात्याला १०,००० रुपये. त्यापुढे गेलात तर बँकेच्या धोरणावर. तुमच्याच हलगर्जीपणाने, म्हणजे ओटीपी-पिन स्वतः सांगितल्याने पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. काउंटरवर हे वाक्य कुणी आपणहून सांगत नाही.

मालकांना मेसेज आला शनिवारी रात्री. मेसेजचा दिवस धरत नाहीत, रविवार कामाचा नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हणजे बुधवारपर्यंत लेखी कळवलं तरी ते तीन दिवसांतच. मालकांना वाटत होतं आता सगळं संपलं. संपलं नव्हतं. फाइल उघडणं हा हलगर्जीपणा का, यावर बँक भांडणार हे उघड होतं, पण भांडायला मुदत तर हवी. माझ्याच टेबलावरून १९३० लावला, आणि पोच घेऊन अर्ज शाखेत दिला, त्यावर तारखेबरोबर वेळही टाकली.

फोनचे बाकीचे प्रकार थोडक्यात. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त शिक्षिकेला मागे सहा तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं होतं, समोर खाकी कपडे आणि मागे झेंडा. बाथरूमला जायलाही परवानगी मागत होत्या त्या. खरी अटक करताना पोलीस समोर असतो, त्याच्या अंगावर नावाची पट्टी असते, अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर होतो, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. चौकशीला बोलावण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. तेव्हा असा कॉल आला की कट करा, उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, होम मैदानावर फोन मारला गेला तर आधी सिम बंद, मग बँक आणि यूपीआय, मग पोलिसांत तक्रार, आणि ती पावती घेऊन 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक. हा नंबर फोन हातात असतानाच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवायचा असतो. आणि कॉलेजातल्या पोरांना एक: पाच-दहा हजारांसाठी आपलं खातं कुणाला 'वापरायला' देऊ नका. चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात.

आता शटर

"समजा, माझ्याकडे पिस्तूल असतं आणि मी उडवलं असतं तर?" मालकांचा खरा प्रश्न हा होता. लायसन ही त्याची पुढची पायरी.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला पिस्तुलाने मिळत नाही. तो प्रत्येकाला आहे, रिकाम्या हातालासुद्धा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यावरच आहेत. आधी हेच भारतीय दंड विधानात ९६ ते १०६ होतं. नंबर बदलले, मजकूर जवळजवळ तोच. स्वतःच्या शरीराचं रक्षण करता येतं, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं करता येतं, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचंही. शेजारणीचं मंगळसूत्र ओढलं जात असताना तुम्ही मधे पडलात तर 'तुमचा काय संबंध' असं कायदा विचारत नाही.

अट दोन ठिकाणी आहे. पहिली वेळेची. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, वार अंगावर पडायची वाट बघावी लागत नाही. भीती संपली की हक्क संपतो. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाहीच. "शुक्रवारी बघून घेतो तुला," असं कुणी मंगळवारी म्हणाला, तर मंगळवारीच त्याचं डोकं फोडायला हा कायदा कामाचा नाही. तीन दिवस आहेत, पोलीस ठाण्यात जा. दुसरी अट मापाची. बचावाला लागेल तेवढीच इजा करायची, जास्त नाही.

माप कसं ठरवायचं? जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, ते कलम ३८ मध्ये मोजून सांगितलंय. हल्ला असा असला पाहिजे की आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. बलात्कार किंवा अनैसर्गिक अत्याचाराचा हल्ला. पळवून न्यायचा प्रयत्न. सुटकेसाठी पोलिसांपर्यंत पोचताच येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवणं. आणि अ‍ॅसिड फेकणं किंवा फेकायचा प्रयत्न, हे २०१३ मध्ये जोडलं गेलं. यातलं काही नसेल तर इजा करता येते, जीव घेता येत नाही. कुणी थोबाडीत मारली म्हणून कोयता काढला, तर तो बचाव राहत नाही.

मालमत्तेसाठी कलम ४१ आहे आणि मालकांचं शटर त्यातच बसतं. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा मालाच्या गोदामाला आग लावणं, आणि जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती घालणारी चोरी किंवा घुसखोरी. इथे हक्क जिवापर्यंत जाऊ शकतो. साध्या चोरीत जात नाही.

मालकांचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे चाललं असतं?"

"किती वाजले होते?"

"अडीच."

"कितव्या सेकंदाला, असं विचारतेय मी."

मग आम्ही कागदावर आखलं. तिघं शटर उचकटतायत, हातात पहार आहे, मालक एकटे, मागे घरात लेकरं. एकजण पहार घेऊन अंगावर येतो. इथे मालकांनी हातात येईल त्याने मारलं आणि तो माणूस मेला, तरी कायदा त्यांच्या बाजूने उभा राहू शकतो. आता पुढचा क्षण. दिवा लागला, तिघांनी पहार टाकली, पाठ फिरवली, गल्लीच्या तोंडाकडे पळत सुटले. या क्षणी पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणाची नाही. धोका गेला, हक्कही गेला. तोच माणूस, तीच गल्ली, मधे फार तर पंधरा सेकंद. खऱ्या घटनेत मालकांच्या हातात पिस्तूल असतं तर ते याच दुसऱ्या क्षणी उडालं असतं. हे मी नाही, तेच म्हणाले.

माल घेऊन पळत असतील तर? चोरीच्या बाबतीत कलम ४३ म्हणतं की चोर माल घेऊन सुखरूप निसटेपर्यंत, किंवा पोलीस येईपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत हक्क चालू राहतो. पाठलाग करा, धरा, झटापट करून गठ्ठा हिसकावून घ्या. जीव मात्र घेता येणार नाही.

याचा अर्थ पहाटे अडीचला माणसाने तराजू घेऊन बसावं असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात हे नीट मांडलंय. जिवावर बेतलेल्या माणसाने वारावर वार मोजून गणिती अचूकतेने बचाव करावा ही अपेक्षा नाही, वाजवी भीती पुरेशी आहे, आणि सभ्य नागरिकाने भेकडासारखं पळूनच जावं असंही कायदा सांगत नाही. त्या क्षणी तुम्हाला जे दिसलं त्यावर बघतात. समोरच्याचं पिस्तूल नंतर खेळण्यातलं निघालं, तरी तेव्हा ते खरं वाटण्यासारखं होतं का, एवढंच. पण भांडण ज्याने उकरून काढलं त्याला हा हक्क मिळत नाही, आणि दोन टोळ्या ठरवून भिडल्या तर सहसा दोघांनाही नाही.

मापाच्या बाहेर गेलं तर लगेच खुनाचं कलम लागतं असंही नाही. सद्भावनेने बचाव करताना, सूड म्हणून नव्हे, मर्यादा ओलांडली गेली तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. शिक्षा तरीही होते, आणि वर्षांनी होते.

दोन गोष्टी सोलापूर जिल्ह्यात मुद्दाम सांगाव्या लागतात. पहिली, चोर पकडल्यावर. हात बांधले, विजेच्या खांबाला बांधला, मग गल्लीतल्या प्रत्येकाने येऊन एक-एक ठेवून दिली. हात बांधलेल्या माणसापासून कुणाला धोका नसतो, त्यामुळे दोर आवळला त्या क्षणी सगळ्यांचा हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक लाथ हा ज्याच्या-त्याच्या नावावरचा गुन्हा, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढणारा पोलिसांचं काम सोपं करत असतो. डोळ्यांदेखत अजामीनपात्र, दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० तशी मुभा देतं, पण विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

दुसरी, तारेत सोडलेला करंट. डुकरं येतात, मोटारीची केबल चोरीला जाते, म्हणून शेताच्या कडेने उघड्या तारेत वीज सोडतात. बिहारमधल्या एका प्रकरणात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. एका माणसाने आपल्या संडासाला, कुणी वापरू नये म्हणून, उघडी तार लावून वीज सोडली होती. शेजारच्या घरच्या संडासाची भिंत पडलेली, म्हणून तिथली बाई याच्या संडासाकडे गेली आणि मेली. मालमत्तेच्या रक्षणाचा मुद्दा न्यायालयाने मानला नाही, शिक्षा कायम ठेवली. तारेला समोर कोण आहे ते दिसत नाही, धोका आहे की नाही कळत नाही, आणि मारायचं माप तिला ठाऊक नसतं. चोराऐवजी पाणी द्यायला आलेला सालगडी अडकतो. असे पंचनामे मी वाचलेत.

हत्याराचं काय

लायसन हा हक्क नाही, परवानगी आहे. शहरात ती पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय किमान २१, पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि मुख्य म्हणजे कारण. 'भीती वाटते' हे कारण पुरत नाही, धोका कागदावर दिसला पाहिजे. म्हणून मी मालकांना आधी विचारलं, शटरची तक्रार दिली का? दिली नव्हती. मग धोका कुठल्या कागदावर दाखवणार? २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, आधी तीन चालायच्या, आणि लायसनची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. हत्यार कुलपात ठेवायचं, मिरवायचं नाही. ते ज्याच्या नावावर, त्याचंच. मुलाने ते कमरेला लावून रील काढली तर बापाचं लायसन जातं आणि दोघांवर गुन्हा येतो. वरातीत हवेत गोळीबार केला, कुणाला लागलं नाही, तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि निवडणूक लागली की ते ठाण्यात जमा करायचा आदेश येऊ शकतो. माझ्या माहेरची बारा बोर दर निवडणुकीला पोलीस ठाण्याची वारी करायची. आजोबा तिच्यापेक्षा तिच्या पावतीला जास्त जपायचे.

गावठी कट्ट्याबद्दल बोलायलाच नको. बिनपरवाना बंदूक सापडली की किमान दोन वर्षं, पाचपर्यंत.

लायसनची भानगड नको म्हणून लोक कोयता किंवा तलवार ठेवतात, आणि तिथेच फसतात. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, कारखान्यासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. उसाच्या फडातला कोयता अवजार असतो. तोच रात्री अकराला सात रस्त्यावर दुचाकीच्या सीटखाली निघाला तर तो ऊस तोडायला चाललाय यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा लाठी-काठी घेऊन फिरणंही गुन्हा होतो. पेपरात 'आर्म्स अ‍ॅक्ट ४/२५ आणि मपोका १३५' असं वाचता ना, ते हेच. तलवारीने वाढदिवसाचा केक कापणारे यातच सापडतात, आणि पुरावा त्यांनीच इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो. ऑनलाइन मिळतं म्हणून कायदेशीर असतं असंही नाही. २०१८ मध्ये औरंगाबादला ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्या होत्या.

पेपर स्प्रेला लायसन लागत नाही. उशिरा सुटणाऱ्या मुलीने पर्समध्ये ठेवावा असं मीही सांगते. पण तोही बचावाच्या मापातच. शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाजलं म्हणून डोळ्यांत मारला, तर गुन्हा तुमच्यावर. तो पर्सच्या तळाशी, लिपस्टिक आणि किल्ल्यांच्या खाली असेल तर नसल्यात जमा, हे वेगळं. ११२ मात्र सगळ्यांच्या फोनात आहे. तुमच्या फोनवर इमर्जन्सी कॉल कसा लागतो ते आज दोन मिनिटं काढून बघा, गरज पडेल तेव्हा बघायला वेळ नसतो.

आणि खरोखर कुणाला मारायची वेळ आलीच, तर पळून जाऊ नका. ११२ ला स्वतः कळवा, जागेवरची वस्तू हलवू नका, सिव्हिलला जाऊन स्वतःच्या जखमांची नोंद करून घ्या, खरचटलं असलं तरी. बचावात मारलं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण ते पोलिसांसारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असणं अधिक संभवनीय आहे इतपत दाखवलं तरी पुरतं. तुमच्या मनगटावरचा पहारीचा वळ आणि दाखल्यावरची वेळ हे तिथे कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं बोलतात.

मालकांच्या पैशांपैकी एकसष्ट हजार तिसऱ्या खात्यात अडकलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागतो, अर्ज केलाय. बाकीच्यासाठी बँकेशी पत्रव्यवहार सुरू आहे. शटरची तक्रार त्यांनी दिली. लायसनचा फॉर्म भरून, फोटो चिकटवून माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलाय. "राहू द्या हितंच, बघू," म्हणाले.

त्याऐवजी त्यांनी गोदामाला मधला लॉक बसवला आणि चार कॅमेरे लावले. परवा कारखान्यावर गेले होते तेव्हा कौतुकाने मोबाइलवर दाखवत होते. शटर, गल्ली, माग, आणि चौथ्या चौकटीत घरातली बैठकीची खोली, आई पाटावर बसून शेंगा निवडतायत. मी विचारलं, पासवर्ड काय ठेवलाय? बसवणाऱ्या पोराने ठेवलाय, म्हणाले. पोराला फोन लावला. 'अ‍ॅडमिन', आणि पुढे एक दोन तीन चार. डब्यावर छापून येतो तोच.

आईंना तिथून उठवलं नाही, कॅमेराच बाहेरच्या पडवीकडे फिरवला. पासवर्ड बदलायला नातू बसला. आम्हाला दोघांनाही दिसणार नाही असा त्याने टाकला.